शेपटीपर्यंत

रात्री एक ते चार, रहदारी विरळ झाली की
आम्ही गाडा ढकलतो.
तीन चाकं, पोटाशी केशरी पेटी,
पेटीचं तोंड जमिनीला लागेल इतकं खाली.
पुरेसं हळू चाललं की वाटतं
गाडा जागीच आहे, सोल मागे सरकतंय.

एका तर्र झालेल्या माणसानं वाकून आत डोकावलं:
"मुलगा की मुलगी?"
दोकगो हसला नाही. तो पडद्यात होता.

पडद्यावर राखाडी रेघा. डांबर, खडी, भराव,
त्याखाली कुणाच्या तरी शेतातली माती.
नळ दिसतो तो भुवईसारखा.
केबल म्हणजे आणखी बारीक, कोरलेली भुवई.
सगळा रस्ता भुवया उंचावून बघतो आमच्याकडे.
कधी चिकणमाती भिजलेली असते,
कधी बर्फावर फेकलेलं मीठ खोल मुरलेलं,
मग लहर गेली ती गेली.
अहवालात लिहायचं, 'निर्णय नाही'.
दिवसा झोपले की हेच दोन शब्द
कुशीवर वळवतात मला.

पोकळी कशी ओळखायची,
ते दोकगोनं पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं.
मातीतून लहर चिखल तुडवत जाते.
हवा लागली की धावत सुटते,
आणि परत येते ती उलटी होऊन:
जिथे आधी काळं मग पांढरं,
तिथे आधी पांढरं.
"सदरा उलटा घालून कुणी दारात आलं
तर विचारतेस ना, काय झालं?
तसं विचारायचं."

बुधवारी, दोन चाळीसला,
रात्रभर जागणाऱ्या घाऊक कापडबाजाराच्या मागे
पांढरं आधी आलं.
साठ सेंटिमीटर खोल. लांबीला एक पलंग.
वर ताडपत्रीचा ठेला,
आणि पिठाचे मासे भाजणाऱ्या प्योन बाई,
लोखंडी साचे खटाखट उलटवत.

"ठेला हलवावा लागेल, बाई."
"एकोणीस वर्षं इथेच आहे मी."
"खाली काही नाहीये."
"काही नाही, तर हलवू कशाला?"

मी दोकगोकडे पाहिलं. त्यानं गाड्याकडे.

बाईंनी गॅस बारीक केला.
"उन्हाळ्यापासून सव्वीस नंबरची बस गेली
की पिठाच्या बादलीत वलय उठतं.
आधी उठत नव्हतं.
पालिकेला फोन करून काय सांगायचं?
माझं पीठ घाबरतंय म्हणून?"

अंगठ्याएवढं भोक पाडलं. कॅमेरा सोडला.
डांबराची खालची बाजू दिसली,
कुणी बघावी म्हणून केलेली नसते ती.
खडे लोंबत होते, पडायचे राहिलेले.
एक तडकलेली भाजल्या मातीची नळी,
आणि रस्त्याकडेच्या गिंकोचं मूळ,
गळतीच्या वासानं इतक्या लांब आलेलं.
माती पाण्याबरोबर निघून गेली
आणि ते तसंच अधांतरी,
टोकाला नवा पांढरा कोंब.

लवकर धरणारं मिश्रण ओतलं.
"किती मावलं?" बाईंनी विचारलं.
दीड घनमीटर.
त्यांनी मनात काहीतरी भागाकार केला,
बहुतेक बादल्यांत.
फॉर्मवर कारणाचा रकाना होता: मी लिहिलं, नळी.
मुळाला रकाना नव्हता.

ठेला दोन मीटर सरकला.
जुन्या जागी तेलाचा काळा चौकोन राहिला.
बाईंनी कागदात गुंडाळून एकेक मासा दिला.
या माशाची पारख शेपटीवर:
सारण तिथवर पोचलंय का.
दोकगो नेहमी डोक्याकडून सुरू करतो.
मी शेपटी तोडली.
"विश्वास नाही वाटतं?" बाई म्हणाल्या.
लाल घेवड्याचं सारण, अगदी टोकापर्यंत.
जीभ पोळली.

घरी जायला हवं होतं. गेलो नाही.
पावणेसहाला सव्वीस नंबरची पहिली बस वळणावर दिसली.
बादली बाईंनी मुद्दाम जुन्याच जागी ठेवली होती.
तिघंही वाकलो.